दुसऱ्या देशातून आलेले मूल आणि शाळा: प्रवेशाच्या दिवसापासून पुढची काही वर्षे

स्थलांतरित मुलांच्या शिक्षणाची आखणी करताना बहुतेक शिक्षण खाती एकाच क्रमाच्या मोहात पडतात: मूल आधी इथली भाषा शिकेल, मग इथल्या शाळेत बसेल. कागदावर हा क्रम बिनतोड दिसतो, पण प्रत्यक्षात तो दोन्ही टोकांना तोट्याचा ठरतो. भाषा पक्की होईपर्यंत मुलाचे गणित, विज्ञान आणि इतिहास अडून राहतात, आणि समवयस्कांशी रोजचा संबंध येत नसल्यामुळे भाषाही हवी तशी येत नाही. पुढे मूल मैदानावर अस्खलित बोलू लागले, की त्याला आता मदतीची गरज नाही असे ठरवून आधार काढून घेतला जातो, आणि पाठ्यपुस्तकाची भाषा कठीण होत जाण्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू झालेला असतो. पुढील मार्गदर्शन मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि त्यांच्या कामावर देखरेख करणारे अधिकारी यांच्यासाठी आहे. मुलाला नेहमीच्या वर्गात लवकर आणावे आणि त्याचा भाषेचा आधार पुष्कळ उशिरा काढावा, हे त्याचे मुख्य सूत्र आहे.

प्रवेश

पहिली अडचण वर्गात येत नाही, ती शाळेच्या कार्यालयात येते. जन्मदाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही, गुणपत्रक हाती आहे पण ते कोणालाही न वाचता येणाऱ्या लिपीत आहे, अशा कारणांनी मूल आठवडेच्या आठवडे घरी बसते. म्हणून शाळेने पहिला नियम असा करावा की मूल दारात आले त्याच आठवड्यात त्याचे नाव तात्पुरते पटावर चढेल आणि कागदपत्रे मागाहून घेतली जातील. या नियमाला भक्कम आधार आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारातील २२ वे कलम प्राथमिक शिक्षणाच्या बाबतीत निर्वासितांना देशाच्या नागरिकांसारखीच वागणूक देण्यास सांगते, तर १९८९ च्या बालहक्क संहितेतील २८ वे कलम मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वच मुलांसाठी मानते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात, कायदेशीर वास्तव्य नसलेल्या मुलांनाही सार्वजनिक शाळेचे दार बंद करता येणार नाही, असा निर्णय दिला. युरोपीय संघाने आश्रय मागणाऱ्या कुटुंबांतील मुलांना शिक्षण मिळण्यास अर्जापासून जास्तीत जास्त तीन महिने लागावेत असे २०१३ च्या निर्देशात ठरवले होते, आणि २०२४ च्या सुधारित निर्देशात ही मुदत दोन महिन्यांवर आणली.

प्रवेश-अर्जात काय विचारू नये, हेही लेखी ठरवून ठेवावे. वास्तव्याच्या परवान्याचा क्रमांक शिकवण्यासाठी लागत नाही, आणि तो विचारला जातो एवढी कुणकुण लागली तरी काही पालक मुलाला शाळेत आणतच नाहीत. मुलाचे नाव कुटुंब जसे उच्चारते तसे लिहून घ्यावे, त्याचा उच्चार कार्यालयाने शिकून घ्यावा, आणि सोयीसाठी नावाचे स्थानिक रूप करण्याचा मोह टाळावा. जन्मतारखेबाबत सावध राहावे. निर्वासितांच्या नोंदींत १ जानेवारी ही तारीख पुष्कळदा केवळ रकाना भरण्यासाठी लिहिलेली असते, त्यामुळे वयाची खात्री कुटुंबाशी बोलून करावी.

जी मुले कार्यालयापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांचा प्रश्न शाळेला एकट्याने सोडवता येत नाही. जपानमध्ये सक्तीच्या शिक्षणाचे बंधन परदेशी नागरिकांच्या मुलांना लागू होत नाही. तेथे २०१९ मध्ये पहिल्यांदा देशभर पाहणी झाली, तेव्हा सुमारे २० हजार परदेशी मुले शाळेत नसावीत किंवा त्यांचा ठावठिकाणा लागत नाही, असे आढळले. स्थानिक प्रशासनाने रहिवाशांची नोंदवही आणि शाळांचे पट वर्षातून किमान एकदा ताडून पाहिले, तरच अशी मुले नजरेस येतात.

पूर्वज्ञानाची तपासणी

नव्या मुलाला इथल्या भाषेतील प्रश्नपत्रिका दिली, तर ती केवळ त्याला ही भाषा येत नाही एवढेच सांगेल, आणि ते तर आधीच ठाऊक असते. स्वीडनमध्ये नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला काय येते, याची तपासणी पहिल्या दोन महिन्यांत करणे २०१६ पासून शाळांवर बंधनकारक आहे. मुलाची भाषिक पार्श्वभूमी व शालेय अनुभव, त्याचे वाचन-लेखन आणि त्याची गणिती समज या गोष्टी तेथे दुभाषाच्या साहाय्याने, शक्यतो मुलाच्या भाषेत, पाहिल्या जातात. जिथे असा कायदा नाही, तिथेही शाळेला ही पद्धत स्वतःपुरती सुरू करता येते.

मुलाखतीत कोणकोणत्या देशांत किती वर्षे शिक्षण झाले, मध्ये खंड किती पडला, शिकवण्याचे माध्यम कोणते होते, घरी कोणत्या भाषा बोलल्या जातात आणि त्यांपैकी कोणती लिहिता येते, हे विचारावे. माध्यमाचा प्रश्न विसरू नये, कारण घरची भाषा एक, आधीच्या शाळेची दुसरी आणि वाटेत राहिलेल्या देशाची तिसरी, असे असू शकते. प्रवास कसा झाला, युद्धात काय पाहिले, हे विचारू नये. मुलाला सांगायचे असेल तेव्हा ते ज्याला सांगायचे त्याला सांगेल. दुभाषा म्हणून मोठ्या भावाला किंवा बहिणीला बसवू नये, कारण कुटुंबातील गोष्टी त्यांच्या तोंडून वदवून घेणे त्यांच्यावरही अन्याय आहे आणि उत्तरेही खरी मिळत नाहीत.

लेखनाची एक साधी चाचणी फार उपयोगी पडते. मुलाला स्वतःच्या भाषेत, आवडत्या विषयावर पानभर लिहायला सांगावे. वाचणाऱ्याला ती लिपी कळत नसली, तरी हात सराईतपणे चालतो की अक्षर-अक्षर अडखळतो, मूल खोडते का, परिच्छेद पाडते का, हे दिसतेच. सहा वर्षे नीट शाळेत गेलेले मूल आणि कधीच शाळा न पाहिलेले मूल यांच्या गरजा पूर्णपणे वेगळ्या असतात, तरीही दोघांनाही ‘भाषा न येणारे’ म्हणून एकाच गटात बसवले जाते. या क्षेत्रात सर्रास दिसणारी आणि सहज टाळता येण्याजोगी चूक हीच आहे.

गणिताची तपासणी करताना चिन्हांची भानगड लक्षात घ्यावी. जर्मनी, फ्रान्स आणि इतर अनेक देशांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. जर्मन वर्गात भागाकारासाठी विसर्गासारखे दोन ठिपके असतात, तर काही अरब देशांत समीकरणेही उजवीकडून डावीकडे लिहिली जातात. भागाकाराची मांडणी देशागणिक बदलते. उत्तर बरोबर असून मांडणी अनोळखी असेल, तर मूल चुकले असे न म्हणता त्याची रीत फळ्यावर मांडायला लावावी. वर्गालाही त्यातून काही मिळते.

कोणत्या इयत्तेत बसवावे

वयानुसार, किंवा फार तर एक इयत्ता खाली. बारा वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्या मुलांत बसवल्याने त्याची भाषा लवकर सुधारत नाही, कारण त्या वयाच्या मुलांशी त्याला बोलण्यासारखे काही नसते. शिवाय शाळा संपता संपता ते इतके मोठे झालेले असते की ते मध्येच शाळा सोडण्याची शक्यता वाढते. शिक्षणात मोठा खंड पडला असेल, तर तो खंड वेगळ्या जादा तासांनी भरून काढावा, खालच्या इयत्तेने नव्हे.

स्वागतवर्ग आणि नेहमीचा वर्ग

इथे दोन टोकाच्या भूमिका आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. मुलाला कोणतीही मदत न देता थेट वर्गात बसवून ते आपोआप शिकेल असे मानणे, ही एक. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक मुलांच्या ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच स्पष्ट केले, की सर्वांना तीच पुस्तके, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली असे होत नाही. दुसरी भूमिका म्हणजे मुलाला वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या पाळीत ठेवणे. संकटकाळात ते अपरिहार्य असते. लेबनॉनने सीरियन मुलांसाठी सरकारी शाळांत दुपारची दुसरी पाळी सुरू केली नसती, तर हजारो मुले रस्त्यावर राहिली असती. तुर्कस्तानने सुरुवातीला अरबी माध्यमाची तात्पुरती शिक्षण केंद्रे चालवली, पण कुटुंबे लवकर परतणार नाहीत हे दिसल्यावर २०१६ पासून तीच मुले टप्प्याटप्प्याने सरकारी शाळांत आणली. वेगळी सोय करण्यात दोष नाही. ती कधी संपणार हे न ठरवता करण्यात आहे.

व्यवहारात मधला मार्ग असा आखता येतो. मुलाचे नाव पहिल्या दिवसापासून नेहमीच्या वर्गाच्या हजेरीपटावर असावे, त्याचा बाक तिथे असावा, आणि भाषेच्या सघन तासांसाठी ते दिवसातील काही तासिका स्वागतवर्गात जावे. फ्रान्समध्ये २०१२ पासूनची अधिकृत रचना साधारण अशीच आहे: मूल वयानुरूप सामान्य वर्गात दाखल असते आणि भाषेसाठी वेगळ्या विभागात जाते. स्वीडनमध्ये विद्यार्थ्याला पूर्वतयारी वर्गात जास्तीत जास्त दोन वर्षे ठेवता येते आणि त्या काळातही काही विषय नेहमीच्या वर्गात शिकवावे लागतात. फिनलंडमध्ये पूर्वतयारीचे शिक्षण साधारण एक वर्षाचे असते. लहान मुलांना किमान ९०० आणि मोठ्यांना किमान १,००० तास मिळतात, आणि त्यानंतरही शाळेची भाषा दुसरी भाषा म्हणून शिकण्याची वेगळी सोय चालू राहते.

नेहमीच्या वर्गातील तासिका कोणत्या क्रमाने वाढवाव्यात, यावर थोडा विचार हवा. खेळ, चित्रकला आणि संगीत पहिल्या आठवड्यापासून असतातच. पण तेवढ्यावरच थांबणाऱ्या शाळा मुलाला नकळत असे सुचवतात की डोके लागणाऱ्या विषयांत त्याला जागा नाही. गणित लगेच सुरू करावे, कारण तिथे मुलाचे आधीचे ज्ञान सर्वांत लवकर उपयोगी पडते. विज्ञान त्यामागोमाग, प्रयोग आणि आकृत्यांच्या आधाराने. इतिहास आणि साहित्य शेवटी, पण शेवटी म्हणजे दोन वर्षांनी नव्हे. स्वागतवर्गातून पूर्णपणे बाहेर पडण्याची अपेक्षित तारीख प्रत्येक मुलाच्या नोंदीत पहिल्याच महिन्यात लिहावी आणि ती पुढे ढकलायची असेल तर कारण लिहूनच ढकलावी.

वर्गात बसल्यानंतर

खरे काम इथून पुढे आहे. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. त्यांच्या निष्कर्षांनुसार मुले दैनंदिन बोलण्यात साधारण दोन वर्षांत समवयस्कांच्या जवळ पोहोचतात, पण अभ्यासाच्या भाषेत त्यांच्या बरोबरीला येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. हा फरक मुलाच्या हुशारीशी संबंधित नाही. ‘चल, चेंडू टाक’ हे वाक्य समोरचा चेंडू पाहूनही कळते. ‘बाष्पीभवनाचा वेग पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो’ हे वाक्य समजायला डोळ्यांसमोर काहीच नसते. शिवाय स्थानिक मुले जागच्या जागी थांबलेली नसतात. त्यांचीही भाषा दर वर्षी पुढे जात असते, आणि नव्या मुलाला या पुढे पळणाऱ्यांना गाठायचे असते.

म्हणून प्रत्येक विषयशिक्षकाने स्वतःला थोडाफार भाषाशिक्षक मानले पाहिजे. धड्याआधी त्या धड्यातील आठ-दहा अटळ शब्द मुलाला चित्रासह किंवा त्याच्या भाषेतील प्रतिशब्दासह द्यावेत. तेवढ्याने मात्र भागत नाही, कारण मुले बहुधा शब्दांपेक्षा जोडणीवर अडतात: ‘जरी – तरी’, ‘त्यामुळे’, ‘याउलट’, ‘वगळता’. गणितात ‘अ ही संख्या ब पेक्षा पाचने कमी आहे’ हे वाक्य वाचून कोणत्या संख्येतून पाच वजा करायचे, याबाबत गोंधळलेल्या मुलाला वजाबाकी येत नाही असे समजणे चूक आहे. उत्तर देण्यासाठी वाक्याचा सांगाडा द्यावा, म्हणजे ‘माझ्या मते … , कारण …’ असा, आणि तो सर्व वर्गाला द्यावा, म्हणजे कोणी वेगळे पडत नाही. याचा फायदा पुस्तकी भाषा घरी न ऐकणाऱ्या स्थानिक मुलांनाही होतो.

पहिले काही आठवडे, कधी काही महिने, मूल जवळजवळ बोलतच नाही. या काळात ते ऐकत आणि साठवत असते. त्याला उभे करून उत्तर मागू नये. खूण करून, आकृती काढून, क्रम लावून उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत. बोलू लागल्यावर प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारण्याऐवजी शिक्षकाने तेच वाक्य शुद्ध रूपात सहज पुन्हा म्हणावे.

मातृभाषा अडथळा नव्हे, साधन आहे. घरी मुलाशी इथल्याच भाषेत बोला, असा सल्ला पालकांना कधीही देऊ नये. ज्या भाषेवर पालकांची पकड नाही तिच्यात ते मुलाशी तोकडे बोलतात, आणि विचार मांडण्याची, गोष्ट सांगण्याची, वाद घालण्याची सवय घरात तुटते. मुलाला आधी स्वतःच्या भाषेत टिपणे काढू द्यावीत, त्याच भाषेचे दुसरे मूल वर्गात असेल तर दोघांना आपसांत चर्चा करू द्यावी. स्वीडनमध्ये १९७७ च्या सुधारणेपासून मातृभाषेच्या अध्यापनाची सोय आहे, आणि विषय समजून घेण्यासाठी मातृभाषेतून अभ्यास-मार्गदर्शनही मिळते. एखाद्या भाषेचा सहाय्यक आठवड्यातून दोनच तास मिळत असेल, तर त्याला भाषांतरात न गुंतवता पुढच्या आठवड्याचे धडे आधी समजावून देण्यासाठी वापरावे.

परीक्षा, आणि एक जुना धोका

पहिल्या वर्षाच्या भाषेच्या परीक्षेतील गुण मुलाबद्दल फारसे काही सांगत नाहीत. अमेरिकेतील सध्याचा संघीय शिक्षण कायदा नव्याने आलेल्या मुलांना भाषेच्या चाचणीतून एकदा सूट देण्याची मुभा राज्यांना देतो, ती याच कारणाने. इतर विषयांत आशय आणि भाषा यांचे गुण वेगळे ठेवावेत, शब्दकोश वापरू द्यावा, वेळ वाढवून द्यावा. प्रगती मोजायची तर मुलाच्या स्वतःच्या मागील सत्राशी मोजावी.

धोका आहे तो भाषेच्या अडचणीला बौद्धिक अक्षमता समजण्याचा. कॅलिफोर्नियात स्पॅनिश भाषक मुलांना इंग्रजीतील बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे मतिमंद मुलांच्या वर्गात टाकले गेले होते. १९७० मध्ये ‘डायना’ खटल्यातील तडजोडीनंतर मुलांची चाचणी त्यांच्या मातृभाषेतही घेणे भाग पडले. उलट चूकही होते: खरोखर ऐकण्याची किंवा वाचण्याची समस्या असलेल्या मुलाबाबत ‘भाषा आली की होईल ठीक’ म्हणत वर्षे दवडली जातात. शंका आली तर पालकांना विचारावे की मातृभाषेतही मूल उशिरा बोलले होते का, तिथेही वाचताना अडखळत होते का. दोन्ही भाषांत सारखीच अडचण असेल, तर तज्ज्ञाकडे पाठवण्यास उशीर करू नये.

पालक

सूचनापत्रे अनुवादित करून पाठवली की काम झाले असे मानू नये. काही पालकांना स्वतःच्या भाषेतही वाचता येत नाही, आणि त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेतील ध्वनिसंदेश कितीतरी उपयोगी असतो. कॅनडात नव्या कुटुंबांना मदत करणारे कार्यकर्ते शाळेतच बसवण्याची पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे, आणि तिचे मर्म हे की पालकाला आरोग्य, घर आणि शाळा यांबद्दलचे प्रश्न एकाच ओळखीच्या माणसाला विचारता येतात.

पालकांना सर्वांत आधी सांगायची गोष्ट गणवेश किंवा सुट्ट्यांची यादी नव्हे, तर पुढचे निर्णायक वळण कधी येते ही आहे. जर्मनीतील बहुतेक राज्यांत मुलांची वाट चौथ्या इयत्तेनंतर वेगळी होते, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. तिसरीत आलेल्या मुलाच्या आई-वडिलांना हे कोणी सांगितले नाही, तर निर्णय होऊन गेल्यावरच त्यांना तो कळतो. विषयनिवड, प्रवेशपरीक्षा, शिष्यवृत्तीच्या मुदती यांचा एक पानी तक्ता पहिल्याच भेटीत द्यावा आणि तोंडी समजावून सांगावा.

उशिरा आलेली मुले

पंधरा-सोळा वर्षांची झाल्यावर आलेल्यांकडे पाच-सात वर्षे नसतातच. स्वीडनमध्ये अशा मुलांसाठी उच्च माध्यमिक स्तरावर भाषेचा वेगळा प्रवेश-अभ्यासक्रम आहे. असे अभ्यासक्रम आखताना भाषा आणि एखादे व्यावसायिक कौशल्य सोबत शिकवावे, आणि शालेय वयाची मर्यादा काही वर्षे वाढवून द्यावी, अन्यथा मुलगा भाषा शिकून होईपर्यंत शाळेचे दार त्याच्यासाठी बंद झालेले असते. आधीच्या देशातील गुणपत्रकांना मान्यता मिळवून देण्याचे काम शाळेने अंगावर घ्यावे. ते एकट्या किशोरवयीन मुलाच्या आवाक्यातले नाही.

पैसा आणि माणसे

निधी मुलामागे यावा आणि तो शैक्षणिक वर्षाच्या मध्येही मिळावा, कारण कुटुंबे शाळेचे वेळापत्रक पाहून देश सोडत नाहीत. इंग्लंडच्या निधिसूत्रात घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी शाळेला जास्तीची रक्कम मिळते, पण मूल देशाच्या शाळाव्यवस्थेत आल्यापासून केवळ तीन वर्षे. ही मुदत आणि कमिन्स यांचा पाच-सात वर्षांचा हिशेब शेजारी ठेवले, तर मधली दरी कोणाच्या माथी येते हे उघड आहे. जिथे निधी लवकर आटतो, तिथे शाळेने तो पहिल्याच वर्षात संपवू नये. काही तास चौथ्या-पाचव्या वर्षासाठी राखावेत. स्वागतवर्ग सर्वांत नवख्या शिक्षकाकडे सोपवण्याची प्रथाही सोडावी. ते काम अनुभवाचे आहे.

आधार कधी काढावा आणि मूल पुन्हा गेले तर

बोलणे ऐकून हा निर्णय घेऊ नये. मुलाने विज्ञान किंवा इतिहासाचा अनोळखी उतारा एकट्याने वाचून त्याचा आशय स्वतःच्या वाक्यांत लिहिला, आणि हे वेगवेगळ्या सत्रांत जमले, तर तासिका हळूहळू कमी कराव्यात. त्यानंतरही दोन वर्षे दर सत्राला गुणपत्रक पाहावे, आणि माध्यमिक शाळेत जाताना किंवा विषय बदलताना घसरण दिसली तर मदत पुन्हा सुरू करावी. एकदा नाव वगळले की ते परत यादीत घेता येत नाही, अशी व्यवस्था असेल तर ती बदलून घ्यावी.

स्थलांतरित कुटुंबे पुष्कळदा पुन्हा हलतात, कधी दुसऱ्या गावी, कधी दुसऱ्या देशात. म्हणून प्रत्येक मुलाची एक छोटी संचिका पहिल्या महिन्यापासूनच तयार ठेवावी: पूर्वज्ञानाच्या तपासणीचा निकाल, शिकून झालेल्या घटकांची यादी, भाषेची सध्याची पातळी, लेखनाचे दोन नमुने, आणि काय उपयोगी पडले याबद्दल वर्गशिक्षकाच्या चार ओळी. ती नव्या शाळेने मागण्याची वाट पाहू नये. कुटुंब जाणार असे कळताच तिची एक प्रत पालकांच्या हाती द्यावी, आणि शक्य असेल तर सोबत तिचे छायाचित्र त्यांच्या फोनवर पाठवावे, कारण प्रवासात कागद हरवतात.